सोप्या मराठीत

मराठी शिकवणाऱ्या माणसाला गावात एक जोडधंदा आपोआप चिकटतो. कुणाला लग्नपत्रिकेचा मजकूर हवा असतो, कुणाला निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांसाठी मानपत्र, तर कुणाला नातीसाठी 'जरा वेगळं, पण हाक मारायला सोपं' असे नाव. तालुक्याच्या गावी वीस वर्षे मास्तरकी केल्यावर मी या कामांना चांगलाच सरावलो आहे. परंतु गेल्या श्रावणात जे काम आले, ते या साऱ्यांहून निराळे होते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला आपल्या वडिलांचा रोग मराठीत लिहून हवा होता.

वडील शिंपी. एके काळी त्यांच्या हातचा सदरा म्हणजे गावात पैजेची गोष्ट! पाचसहा वर्षांपूर्वी टीप वाकडी जाऊ लागली. गिऱ्हाईक बोलले की हा शांत माणूस कात्री आपटू लागला. मग बसल्या जागी बोटे पेटी वाजवल्यासारखी आपोआप हलू लागली, खांदा उडू लागला, चाल झिंगल्यासारखी झाली. गावाने निदान केले : दारू! "बापावर गेला," असेही लोक म्हणाले. कारण आजोबाही म्हणे असेच झिंगत चालायचे. त्यांच्या हातात बाटली कुणी पाहिली नव्हती, ही गोष्ट वेगळी. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि रोगाचे नाव सांगितले : हंटिंग्टन.

"कागद सगळे इंग्रजीत आहेत, सर," मुलगा म्हणाला. "मला कळतात. पण आईला कळायला हवं. ती सातवी शिकलीय. तुम्ही सोप्या मराठीत लिहून द्या."

डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले त्याने वहीत टिपून आणले होते. ते आणि मिळाले ते वाचून मी कामाला लागलो.

जॉर्ज हंटिंग्टन हा अमेरिकेतला एक तरुण डॉक्टर. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याचे आजोबा आणि वडीलही डॉक्टरकी करीत. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना त्याने रस्त्यात दोन स्त्रिया पाहिल्या. मायलेकीच त्या, दोघी उंच, कृश, अंगाला पीळ पडत असलेल्या, तोंडे वेडीवाकडी होत असलेल्या. ते दृश्य तो विसरला नाही. तीन पिढ्यांनी पाहिलेली तीच घराणी डोळ्यांपुढे ठेवून त्याने 1872 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, या रोगावर निबंध लिहिला. आईबापांपैकी एकाला रोग असला तर तो मुलांत येऊ शकतो. पण एखादे मूल त्यातून सुटले, तर त्याच्या पुढच्या पिढ्याही सुटतात, असे त्याने नोंदवले. त्यासाठी त्याने उपमा दिली आहे ती तुटलेल्या धाग्याची. शिंप्याच्या घरासाठी लिहिताना मला ती आयतीच मिळाली.

या रोगातल्या हालचालींना वैद्यकात 'कोरिया' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नृत्य. भाषेच्या माणसाला अशी व्युत्पत्ती सापडली की एरवी कोण आनंद होतो! पण त्या माउलीला लिहून द्यायच्या कागदावर 'नाच' हा शब्द उतरवायला माझा हात धजेना. मी लिहिले, 'अंग आपोआप हलते.'

रोग का होतो, हे सांगायला मात्र माझा विषय उपयोगी पडला. जुन्या पोथ्यांच्या नकला करताना लेखनिकाच्या हातून कधी कधी एकच अक्षर पुन्हा पुन्हा लिहिले जाते आणि पुढच्या प्रत्येक नकलेत ती चूक उतरते. शरीराच्या पोथीतही असेच घडते. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरे ओळीने येतात. ती सव्वीस वेळांपर्यंत आली तर भीती नाही. चाळीस किंवा अधिक वेळा आली, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला हा रोग गाठतोच. आवृत्त्या जितक्या जास्त, तितका तो सामान्यपणे लवकर येतो. 1993 साली शास्त्रज्ञांनी हे जनुक नेमके हुडकून काढले. या चुकीच्या मजकुरातून विकृत प्रथिन तयार होते आणि मेंदूच्या आतल्या भागातील पेशी हळूहळू मरतात. हालचालींना लगाम घालणारा हा भाग. राग आवरणे, कामाचा क्रम लावणे, यांतही त्याचा हात असतो. म्हणून सदरा बिघडण्याच्या आधी किंवा त्याबरोबरच स्वभाव बिघडतो.

मी हे वाचून दाखवले तेव्हा वहिनींनी मला तिथेच थांबवले.

"म्हणजे ते मुद्दाम करत नव्हते?"

"नाही, वहिनी."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी चार वर्षं भांडले त्यांच्याशी." आणि पदर डोळ्यांना लावला.

मी त्यांना वुडी गथ्रीची हकिकत सांगितली. हा अमेरिकेतला लोकगीतकार, गिटार घेऊन देशभर हिंडणारा. त्याची आई याच रोगाने 1930 साली वेड्यांच्या इस्पितळात वारली. पुढे त्याचेही अंग आणि वागणे बिघडले, तेव्हा दारू, मनोविकार असे तर्क झाले. खरे निदान झाले ते 1952 साली. गिटार हातातून गेली, मग लिहिणे गेले, मग बोलणे. अखेरीस डोळ्यांच्या उघडझापीने तो होय-नाही सांगे. 1967 साली, पंचावन्नाव्या वर्षी, तो गेला. त्याच्या पूर्वीच्या बायकोने त्याच वर्षी या रोगाच्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली.

"ह्यांना माणसं ओळखू येतील ना शेवटपर्यंत?" वहिनींनी विचारले.

विचार मंदावतो, उत्तर यायला वेळ लागतो. पण आपली माणसे पुष्कळदा फार उशिरापर्यंत ओळखू येतात. म्हणून प्रश्न विचारून थांबावे, असे मी कागदावर लिहिले होते. ते मी पुन्हा वाचले.

मग शेवटचा भाग. तो लिहायला मला दोन रात्री लागल्या. सुरुवातीपासून साधारण पंधरा ते वीस वर्षे हा रोग चालतो. पुढे पुढे हालचाली कमी होऊन अंग ताठते. पोटभर खाऊनही वजन उतरते. गिळण्याचे स्नायू दगा देतात. घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पुष्कळांना मृत्यू येतो तो या वाटेने. निराशेपोटी काही जण स्वतःच आयुष्य संपवतात, म्हणून उदासपणाकडे पहिल्यापासून लक्ष हवे. त्यावर औषधे आहेत. अंगाची हालचाल कमी करणारी टेट्राबेनाझिनसारखी औषधेही आहेत. रोग मुळापासून बरा करणारे औषध नाही. ताठ बसवून, लहान घास, मऊ जेवण. पातळ पाण्याने ठसका लागू लागला तर डॉक्टरांना विचारून ते दाट करून. आणि जेवताना गप्पा नाहीत. एवढे वहिनींच्या हातात आहे, आणि ते थोडे नाही.

मुलाचा प्रश्न कुणीच काढला नव्हता. प्रत्येक अपत्याला हा धागा मिळण्याची शक्यता निम्मी असते. रक्त तपासून आज ते आधी कळू शकते. तपासावे का? नॅन्सी वेक्सलर या बाईंची आई याच रोगाने गेली. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांत वर्षानुवर्षे जाऊन त्यांनी हे जनुक शोधण्याच्या कामात मोठा वाटा उचलला; स्वतःच्या रक्तात काय आहे, हे मात्र त्यांनी जगाला सांगितले नाही. आपल्यालाही रोग आहे, हे त्यांनी 2020 साली जाहीर केले. मुलगा एवढेच म्हणाला, "मी अजून ठरवलं नाही, सर." त्यावर मी काही बोललो नाही. तो हक्क त्याचा.

गणपतीत वहिनींनी तो कागद भावकीत सगळ्यांपुढे वाचायला लावला. दारूचा विषय त्या दिवसापासून बंद झाला, असे मुलगा सांगत होता. वाचन संपल्यावर त्याचा धाकटा चुलता उठला. चाळिशीचा, हसतमुख गडी. त्याने तो कागद मागून घेतला, चौकातल्या दुकानातून त्याची झेरॉक्स काढून आणली, मूळ कागद वहिनींना परत दिला आणि दुसरा घडी करून खिशात ठेवला. कुणी काही विचारले नाही. वहिनींनी त्याला पुन्हा चहा केला.