नारू : पोशिंद्याच्या वेदनेवर चालणारा वंश

आमच्या आजच्या विद्यार्थ्यांनी नारू पाहिलेला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आम्हां शिक्षकांना मात्र काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर काढला जाणारा तो पांढरा दोरा अजून आठवतो. घाईने ओढला, की जंत तुटे आणि पाय सुजून पिके.

आम्ही इतिहास शिकवितो. पण या जीवाच्या डावपेचांपुढे भलेभले मुत्सद्दी फिके वाटतात. पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवाच्या पोटात बसून नारूची अळी माणसाच्या पोटात शिरते. सुमारे वर्षभर काहीच जाणवत नाही. तोवर कधी मीटरभर लांब झालेली मादी बहुधा पायाच्या कातडीखाली येऊन जळजळणारा फोड उठविते. आग शमविण्यासाठी रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाय पाण्यात सोडतो, आणि मादी तेथेच हजारो अळ्या सोडते. पोशिंद्याच्या वेदनेवरच परजीवीचा वंश चालतो. तेच पाणी घागरींतून घरोघर जाते.

यावर लस नव्हती, औषधही नव्हते. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप देणे, रोग्याला पाणवठ्यापासून दूर ठेवणे, एवढ्यावरच साखळी तुटली. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला.

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन असते. पाण्यातील सूक्ष्म जीव मरू नयेत, हा त्यामागील हेतू. गाळणाऱ्याचाही जीव त्याने नकळत राखला गेला असेल, असे आम्हांस वाटते.