उतरणीचे शहाणपण

घाट चढणाऱ्या माणसाकडे सारे जग कौतुकाने पाहते; उतरणाऱ्याची दखल कोणी घेत नाही. चढण म्हणजे पराक्रम आणि उतरण म्हणजे नुसता उपचार, अशी आपली समजूत असते. माझीही तीच होती. मे २०१७ मधल्या एका दुपारी, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना, ती आंबेनळी घाटात कायमची गेली. आणि तिच्या मागोमाग आम्ही पाचजणही जाता जाता राहिलो.

निघालो होतो दापोलीला, भाच्याच्या मुंजीला. गाडी आमची छोटी. तिच्यात मी, सौ., आई, आठवीतला मुलगा, त्याची धाकटी बहीण आणि सौ.च्या मते ‘अगदी मोजकेच’ असलेले सामान, एवढा संसार भरला होता. पसरणीचा घाट चढताना बिचारीने फार धापा टाकल्या होत्या. तेव्हा उतार लागताच मला तिची दया आली, आणि त्या दयेत थोडा स्वार्थही होता. मी गियर काढला आणि गाडी न्यूट्रलवर सोडली. उतारावर फुकट पेट्रोल कशाला जाळायचे? मराठी शिकवत असलो म्हणून काय झाले, हिशेब मलाही कळतो! गाडी आपल्या वजनाने खाली चालली होती आणि माझा उजवा पाय ब्रेकवर निवांत विसावला होता.

प्रतापगडाचा फाटा मागे पडला. थोड्या वेळाने आई म्हणाली, “अरे, काहीतरी करपतंय का रे?”

“रानात कुठे वणवा लागला असेल,” मी म्हणालो. आईचे नाक पन्नास वर्षे चुलीवरल्या दुधावर पहारा देत आलेले. त्याच्यावर मी अविश्वास दाखवला, ही माझी दुसरी चूक.

पुढच्या वळणावर ब्रेक नेहमीपेक्षा खोल गेला. त्याच्या पुढच्या वळणावर तर पाय थेट फळीला टेकला. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे म्हणून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे पोटात झाले. गाडी काही थांबेना. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मध्ये मी, निरुपयोगी पाय आपटीत बसलेला. दोन-तीनदा भराभर पाय मारल्यावर ब्रेकने थोडासा हुंकार दिला. तेवढ्यात गियर कसाबसा दुसऱ्यात कोंबला. इंजिन किंचाळले. हँडब्रेक हळूहळू ओढला, डावी चाके डोंगराकडच्या गटाराच्या कडेला घातली, आणि रस्ता दुरुस्तीसाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर चढून गाडी एकदाची थांबली.

मागे वळून पाहण्याचा मला धीर होईना. सौ. काहीच बोलली नाही. आमच्या संसारात तिला इतकी गप्प मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि नंतरही नाही.

खालून वर येणारी एक एस.टी. थांबली. चालक उतरला. आमच्या पुढच्या चाकांतून धूर निघत होता. मुलगा पाण्याची बाटली घेऊन धावला, तेव्हा चालकाने त्याचा हात धरला. “पाणी नको टाकूस, बाळा. तापल्या लोखंडाला तडा जाईल. बसू दे तिला तासभर.” मग माझ्याकडे पाहून त्याने विचारले, “साहेब, कुठल्या गियरात उतरत होता?”

मी उत्तर दिले नाही. त्याला ते मिळाले.

“ज्या गियरात घाट चढवायचा, त्याच गियरात उतरवायचा,” एवढेच म्हणून तो निघून गेला. इतकी वर्षे वर्गात मी सुभाषिते समजावून देत आलो. पण इतके नेमके सुभाषित माझ्या वाट्याला कधी आले नव्हते.

तासाभराने ब्रेक आपोआप लागू लागला, हे मला सगळ्यांत मोठे गूढ वाटले. दुसऱ्या गियरमध्ये, मुंगीच्या पावलांनी आम्ही पोलादपूर गाठले.

पुण्यास परतल्यावर पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यापुढे मी ही कहाणी मांडली. त्याने उत्तरपत्रिकेच्या पाठीवर गणित केले. माणसे-सामान धरून गाडी एक टन. महाबळेश्वर ते पोलादपूर उतार सुमारे तेराशे मीटरचा. “एवढ्या उंचीवरून गाडी खाली आणायची म्हणजे जी ऊर्जा निघते, तिच्यावर चाळीस लिटर पाणी उकळेल,” तो म्हणाला. “त्यातली थोडी वारा घेतो, थोडी टायर घेतात, बरीचशी इंजिन घेऊ शकते. तू इंजिनाला सोडचिठ्ठी दिलीस. मग बाकीचा बंब पेटला तो ब्रेकमध्ये.”

आणि पेट्रोलची बचत? तिचाही त्याने निकाल लावला. हल्लीच्या गाडीत उतारावर गियर असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर इंजिनाला जाणारे पेट्रोलच बंद होते; चाके इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जळतच राहते. म्हणजे ज्या काटकसरीसाठी मी पाच जिवांची बाजी लावली, ती काटकसरही झाली नव्हती!

तरीही माणसाचा स्वभाव असा, की चूक आपली असली तरी दुरुस्ती तो वस्तूत करू पाहतो. मी ब्रेकविषयी मिळेल ते वाचून काढले. मधून वारा खेळणाऱ्या पोकळ डिस्क असतात, १९५३ साली ल मॉंच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली होती, ही सर्व विद्या घेऊन मी आमच्या मिस्त्रींकडे गेलो आणि शर्यतीच्या गाडीला शोभतील असे ब्रेक बसवून मागितले.

मिस्त्रींनी आधी ब्रेक-ऑइलची डबी उघडून दाखवली. आत कोरा चहा असावा तसे काळपट काहीतरी होते. “सर, हे कधी बदललंय?”

कधीच नाही. ते बदलायचे असते हेच मला माहीत नव्हते. भाषेच्या माणसाला तर हे नावच फसवते. ब्रेक-ऑइल हे तेल नव्हेच. तेलाचे पाण्याशी वाकडे असते. याचे पाण्याशी सूत जुळते. हवेतला ओलावा ते वर्षानुवर्षे हळूहळू पीत राहते. डॉट ३ जातीचे ताजे असेल तर २०५ अंशांपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. पण जेमतेम पावणेचार टक्के पाणी त्यात मुरले, की ते प्रमाण १४० वर येते. एकदा ते उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो; हा नियम त्याच पास्कलचा, ज्याच्या चिंतनिका आम्ही साहित्यवाले वाचतो. वाफ मात्र खुशाल दबते. पायाचा सारा जोर ती गिळते आणि चाकाला पत्ताही लागत नाही. पुढे सारे निवले, की वाफेचे पुन्हा द्रव होते आणि ब्रेक साळसूदपणे लागू लागतो. माझे गूढ उकलले.

“शिवाय पॅडही तापून गुळगुळीत झालेत,” मिस्त्री म्हणाले. फार तापले की पॅडमधला चिकट मसाला वायू सोडतो आणि पकड सुटते. मागच्या ड्रमची तऱ्हा आणखी निराळी. तो तापून फुगतो आणि आतल्या लायनरपासून दूर सरकतो.

“मग मोठ्या डिस्क?”

“बसतील. पण मोठी डिस्क म्हणजे चाक मोठं. पुढचा ब्रेक वाढवला की मागच्याशी मेळ जातो. सगळं गणित नव्यानं मांडावं लागतं. सर, तुमचा ब्रेक वाईट नव्हता. तुम्ही त्याला सुट्टी दिली नाहीत.”

अखेर आम्ही चांगले पॅड घातले, रबरी नळ्या बदलल्या, मागचे ड्रम साफ करून नीट जुळवून घेतले आणि डॉट ४ चे ब्रेक-ऑइल भरले. हे ताजे असताना २३० आणि ओलावलेले १५५ अंशांपर्यंत तग धरते. ते दर दोन वर्षांनी न चुकता बदलतो. तारीख कॅलेंडरवर सौ. लिहून ठेवते, कारण या बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास नाही. सर्वांत मोठी सुधारणा मात्र फुकट झाली. घाटमाथ्यावर, उतार सुरू होण्याआधीच, मी दुसरा गियर टाकतो. ब्रेक दाबायचा तो ठामपणे, वेग कमी करायचा आणि पाय उचलायचा. तेवढ्या वेळात त्याला वारा मिळतो. मागचे लोक भोंगे वाजवतात. वाजवू देत.

परवा मुलगाच गाडी चालवत होता. आता तो कॉलेजात आहे. पुण्यातून बाहेर पडेपर्यंत मी शेजारी बसून “हळू, हळू, अरे हळू” चालवले होते. शेवटी मागून सौ. म्हणाली, “अहो, सारखा पाय ठेवून बसलात, तर ऐन वळणावर लागणार नाही हो तुमचा ब्रेक.”

मी चपापलो. मुलगा एवढा होईपर्यंत मी त्याला किती वेळा ‘नको’ म्हटले असेल? ते शब्द कधीच तापून गुळगुळीत झाले असतील, आणि मी आपला जोराने दाबीत बसलो होतो. आता हवा होता तो एखादा गियर, आणि तो माथ्यावरच टाकायला हवा होता. उताराच्या मध्यावर टाकायला गेलो, तर किंचाळण्याखेरीज काय होणार?

महाबळेश्वर ओलांडून आम्ही आंबेनळीच्या तोंडाशी आलो. मी ओठ घट्ट मिटून घेतले. मुलाने माझ्याकडे पाहिलेही नाही. उतार सुरू होण्याआधी त्याने शांतपणे दुसरा गियर टाकला. आठवीतल्या एका मुलाने त्या दुपारी एस.टी.च्या चालकाचे बोलणे ऐकले होते तर!

गाडी अगदी व्यवस्थित उतरली. मी चकार शब्द काढला नाही. पोलादपूर आल्यावर मात्र माझी उजवी पोटरी चांगलीच भरून आली होती. सबंध घाटभर मी समोरची फळी दाबून धरली होती.