गासहून स्टेशनपर्यंत : एका दाराची गोष्ट

नागपाड्याहून गासला राहायला येऊन आम्हाला चौदा वर्षे झाली. निघताना नातेवाईक विचारायचे, "गास म्हणजे नेमके कुठे?" आम्ही सांगायचो, नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरायचे, सोपारा गाव ओलांडायचे आणि रिक्षावाल्याला गास म्हणायचे. पंधरा-वीस मिनिटांत केळीच्या आणि फुलांच्या वाड्या दिसू लागतात. दुसऱ्या अंगाला खाजण जमीन आहे. तिच्यातून वसईच्या सनसिटीकडे जाणारा रस्ता जोराच्या पावसात पाण्याखाली जातो. गावातले जुने रहिवासी सामवेदी ख्रिस्ती, त्यांची बोली कादोडी. आमच्यासारखी इमारतींत राहणारी कुटुंबे मागाहून आली. इथली पहाट इतकी शांत असते, की पूर्वेकडचा वारा असला तर फजरच्या वेळी लोकलचा हॉर्न घरात ऐकू येतो.

हा हॉर्न आम्हा दोघांना फक्त घड्याळासारखा होता. ऐकू आला की डबे भरायचे, मुलांना उठवायचे आणि आपापली शाळा गाठायची. आमच्या धाकट्याचे मात्र तसे नव्हते. तो नववीत आहे. अंथरुणातूनच तो म्हणायचा, "अम्मी, आत्ताची गाडी पंधरा डब्यांची होती. बघ, किती वेळ खडखडत राहिली." आम्हाला वाटायचे, झोपेत बरळतो आहे. पुढे कळले, की शाळेतून येताना तो स्टेशनच्या पादचारी पुलावर थांबतो आणि मोबाईलवर गाड्यांचे चित्रीकरण करतो. त्याच्याकडे दोनशेच्या वर चित्रफिती होत्या. प्रत्येकीला तारीख, वेळ आणि डब्यावर रंगवलेला क्रमांक लिहिलेला.

आम्ही आधी रागावलो. मग शिक्षकाच्या सवयीने वही मागवली आणि वाचत बसलो. ती वही वाचताना लक्षात आले, की ज्या मार्गावर आम्ही निम्मे आयुष्य काढले, त्याची आम्हाला काहीच माहिती नव्हती.

सोपारा हे फार जुने बंदर. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथे सापडले, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरून काढला, आणि अरब प्रवाशांनी आपल्या ग्रंथांत 'सुबारा' म्हणून याची नोंद केली. खाडी गाळाने भरली आणि बंदर विझले. पुढे जग या गावापर्यंत पुन्हा आले ते रुळांवरून. १८६४ साली ग्रँट रोडपासून सुरतजवळच्या उत्राणपर्यंत गाडी सुरू झाली. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला रोज एक गाडी जाऊ लागली आणि तीच संध्याकाळी परत येई. त्या काळच्या स्टेशनांच्या यादीत आपले नालासोपारा 'नीला' असे लिहिलेले आढळते, आणि वसईच्या खाडीतल्या पाणजू बेटावरही एक स्टेशन होते. आज पाणजूला गाडी थांबत नाही. दोन पुलांच्या मधले ते हिरवे बेट खिडकीतून मागे जाते आणि बहुतेक प्रवासी मोबाईलमधून मानही वर करत नाहीत.

विजेची गाडी १९२८ साली बोरिवलीपर्यंत आली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत. वरच्या तारेत तेव्हा १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. आता २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. पश्चिम रेल्वेवरचा हा बदल २०१२ साली पूर्ण झाला. आमच्या तरुणपणी पाहिलेल्या पिवळ्या-तपकिरी गाड्या त्यानंतर दिसेनाशा झाल्या. त्याआधीच २००७ मध्ये पांढऱ्या-जांभळ्या सीमेन्सच्या गाड्या आल्या होत्या, २०१५ मध्ये बॉम्बार्डियरच्या आल्या, आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून पहिली वातानुकूलित लोकल धावली. धाकटा डोळे मिटून सांगतो कोणती गाडी आली ते. नव्या गाड्या निघताना बारीक सूर धरतात आणि तो चढत जातो. ब्रेक लावला की त्यांच्या मोटारी उलट वीज तयार करतात आणि ती वीज वरच्या तारेत परत जाते. विज्ञानाच्या तासाला जे आम्ही फळ्यावर काढून दाखवतो, ते हा मुलगा फलाटावर कानाने शिकला होता.

हा छंद त्याच्या एकट्याचा नाही. इंग्लंडमध्ये १९४२ साली इयान ॲलन नावाच्या रेल्वेतल्या एका तरुण कारकुनाने इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका छापली. मुले ती घेऊन स्टेशनवर उभी राहत आणि दिसलेल्या इंजिनावर खूण करत. जपानमध्ये तर गाड्यांचे फोटो काढणारे वेगळे आणि आवाज टिपणारे वेगळे, दोघांना निरनिराळी नावे आहेत.

पण छंद परदेशी पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्या मुलाने फलाटावर मोबाईल धरून उभे राहणे वेगळे. ११ जुलै २००६ ची संध्याकाळ या मार्गावरचा कोणताही प्रवासी विसरलेला नाही. पहिल्या वर्गाच्या डब्यांत झालेल्या त्या स्फोटांत प्रत्येक समाजाची माणसे गेली. त्यानंतर स्टेशनवर कुणी काही टिपत असेल तर त्याला विचारले जाणारच. आमच्या मुलालाही एकदा एका जवानाने थांबवले. नाव विचारले, शाळेचे ओळखपत्र पाहिले, मोबाईलमधल्या चित्रफिती पाहिल्या आणि "घरी जा" म्हणून सोडून दिले. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ जागे होतो. छंद बंद करायला सांगणे सोपे होते. पण मग तो हेच शिकला असता, की आपल्या नावाच्या मुलाने उघड्यावर काही आवडीचे करू नये. हे आम्हाला त्याला शिकवायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला घेऊन स्टेशनवर गेलो आणि जबाबदार माणसाला सरळ विचारले. कुठे उभे राहायचे, काय टिपायचे नाही, हे समजून घेतले. तेव्हापासून घरचे नियम ठरले. पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहायचे. रुळांवर पाय ठेवायचा नाही. चालत्या गाडीच्या दारातून कधीही चित्रीकरण नाही. प्रवाशांचे, विशेषतः स्त्रियांचे चेहरे टिपायचे नाहीत. विचारणाऱ्याला नम्रपणे खरे उत्तर द्यायचे. आणि मगरिबच्या आत घरी.

यातला दाराचा नियम दादींसाठी होता.

दादींचा थोरला मुलगा, आमच्या मुलांचे बडे अब्बा, १९९९ च्या पावसाळ्यात गर्दीच्या लोकलच्या दारातून पडले. ते भाईंदरला भाड्याने राहत आणि रोज मुंबईला कामावर जात. वय अठ्ठावीस. त्या दिवसापासून दादी लोकलमध्ये बसल्या नव्हत्या. गासलाही त्या सामानाच्या टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून आल्या. घरात गाडीचा विषय निघाला की त्या तसबीह घेऊन आतल्या खोलीत जात. म्हणून नातवाचा छंद आम्ही त्यांच्यापासून दोन वर्षे लपवला.

९ जून २०२५ ला मध्य रेल्वेवर दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान दारात लटकलेले प्रवासी पडले आणि काहींचे जीव गेले. बातमी टीव्हीवर दिवसभर होती. रेल्वेने जाहीर केले, की यापुढे येणाऱ्या नव्या लोकलना आपोआप मिटणारी दारे असतील. दादींनी टीव्ही बंद केला नाही. त्यांनी नातवाला विचारले, "अशी गाडी असते का रे? दार मिटणारी?"

तो आमच्याकडे पाहू लागला. आम्ही मान हलवली. त्याने मोबाईल आणून नालासोपाऱ्यात थांबलेली वातानुकूलित लोकल दाखवली. लोक चढले, दोन्ही बाजूंनी दार सरकत आले, मिटले आणि मग गाडी निघाली.

"दार लागल्याशिवाय सुटत नाही?"

"नाही दादी. सुटतच नाही."

"परत लाव."

त्यांनी ती चित्रफीत किती वेळा पाहिली, आम्ही मोजले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, एका मंगळवारी दुपारी गर्दी कमी असताना, दादी आमच्याबरोबर त्या गाडीत बसल्या. नालासोपारा ते बोरिवली. २०२२ च्या मे महिन्यापासून हिचे एकेरी तिकीट निम्म्यावर आले आहे, तरी साध्या लोकलपेक्षा ते बरेच जास्त आहे आणि रोजच्या प्रवाशाला परवडेलच असे नाही. नायगाव सुटल्यावर खाडी आली, पाणजू आले. आम्ही म्हटले, "दादी, पाणी बघा." त्यांनी पाहिले नाही. त्या सगळा वेळ दाराकडे बघत होत्या. बोरिवलीला उतरल्यावर एवढेच म्हणाल्या, "माझ्या पोराच्या वेळी हे असते तर." मग बुरख्याच्या टोकाने डोळे पुसले आणि चहा मागितला.

आम्हाला वाटले, गोष्ट इथे संपली. दार मिटले हे चांगलेच झाले. पण शेजारच्या वाडीतल्या मावशींनी आम्हाला दुसरी बाजू दाखवली. मावशी वर्षानुवर्षे पहाटेच्या गाडीने मोगऱ्याच्या कळ्या आणि जास्वंद दादरच्या फूलबाजारात नेतात. पाटी लगेजच्या डब्यात. तिथे भाजीवाल्या, दूधवाले, मासळीवाल्या यांची आपापली जागा ठरलेली असते. धाकट्याने मोठ्या कौतुकाने त्यांना वातानुकूलित गाडीची चित्रफीत दाखवली. मावशींनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि विचारले, "सगळं छान आहे बाळा. पण माझी पाटी कुठे ठेवायची?"

त्याच्याकडे उत्तर नव्हते, कारण या गाडीला लगेजचा डबाच नाही. पुढे येणाऱ्या गाड्यांत विक्रेत्यांसाठी वेगळा डबा ठेवण्याचे नियोजन आहे. तो डबा येईल, पुरेसा मोठा असेल आणि त्याचे भाडे पाटीवालीला परवडेल, अशी दुआ आम्ही करतो. ज्या गाडीने आमच्या दादींना निर्धास्त केले, तिने मावशींना फलाटावर ठेवू नये.

आता धाकट्याच्या वहीत नवे पान सुरू झाले आहे. आजवर तो फक्त गाडी टिपत होता, गाडी कशी बदलते ते. मावशींच्या प्रश्नानंतर त्याला वाटू लागले, की गाडीत काय-काय चढते तेही टिपून ठेवले पाहिजे. मावशींची परवानगी त्याने घेतली आहे. चेहरा नाही, फक्त हात आणि पाटी. येत्या रविवारी फजरनंतर आम्ही दोघे त्याच्याबरोबर स्टेशनवर जाणार आहोत. लगेजचा डबा फलाटावर नेमका कुठे थांबतो, ते मावशींनी सांगून ठेवले आहे. दादी म्हणाल्या, "थर्मासमध्ये चहा मी भरून देते. आणि मावशीला सांग, पाटी चढली की दारातून आत सरक."