पदराची ऊब

लहानपणी डोळ्यात काही गेलं, की आई पदराच्या टोकाचा बोळा करायची, त्यावर तोंडाची वाफ धरायची आणि तो मिटल्या डोळ्यावर टेकवायची. बोळा क्षणात निवायचा. ती पुन्हा वाफ धरायची. ठणका थांबेपर्यंत हे चालायचं. तेव्हा डोळ्यांत पाण्याला तोटा नव्हता. चुलीचा धूर असो, कांदा असो की मामाच्या गावाहून निघणारी एसटी, डोळे भरून यायचेच.

पुढे मुद्रितशोधनात आयुष्य गेलं. आधी कागदावरची प्रुफं, मग संगणकाचा पडदा. पन्नाशी ओलांडली आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं. दुपारनंतर वेलांट्या, अनुस्वार पुसट व्हायचे. पापणी लवली की पुन्हा स्पष्ट. स्कूटरवर जरा वारा लागला की डोळे घळाघळा वाहायचे. म्हणून डॉक्टरबाई ‘डोळे कोरडे पडलेत’ म्हणाल्या, तेव्हा मला पटेना.

त्यांनी डोळ्यात पिवळा रंग लावला, निळ्या उजेडात पाहत म्हणाल्या, “आता पापणी लववू नका,” आणि मोजू लागल्या. डोळ्यावरचा ओलावा १० सेकंद तरी अखंड राहायला हवा. माझा चौथ्यालाच फाटला. या ओलाव्यावर तेलाचा पातळ थर असतो, तो पाणी उडू देत नाही. ते तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतं. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. माझ्या ग्रंथींत तेल थिजलं होतं. त्यात एरवी मिनिटाला १५ वेळा लवणारी पापणी पडद्यासमोर निम्म्यानेही लवत नाही. डोळा सुकून चुरचुरला की भराभर पाणी सोडतो, पण ते टिकत नाही, गालावरून निघून जातं. वाहणारं पाणी वेगळं आणि डोळ्यात नांदणारं वेगळं, हे मला इतक्या उशिरा कळलं.

डॉक्टरबाईंनी थेंब दिले. पंख्याचा झोत तोंडावर घ्यायचा नाही, वाचताना मधूनमधून पापण्या पूर्ण मिटायच्या आणि रोज १० मिनिटं गरम पाण्यात पिळलेला रुमाल डोळ्यांवर ठेवायचा.

“बरं होईल ना?” मी विचारलं.

“सांभाळत राहायचं,” त्या म्हणाल्या.

त्या रात्री रुमालाची ऊब पापण्यांना लागली आणि पदराचा बोळा आठवला. रुमाल दोन मिनिटांत निवतो. निवला म्हणून आई कधी थांबली नव्हती. मीही तो पुन्हा गरम पाण्यात बुडवते.