फुकट ते पौष्टिक

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा ‘फुकट’ या शब्दावर विश्वास नसतो. आमच्याकडे ग्राहकाला फुकट मिळतं ते फक्त पेन. तेही दोऱ्याने बांधलेलं!

आमच्या लग्नाची २००४ सालची सीडी. अण्णांचा आवाज आता तेवढ्यातच उरलेला. आणि संगणक म्हणे, ही फाईल मला उघडता येत नाही.

पुतण्या म्हणाला, “काका, व्हीएलसी टाका. फुकट आहे.”

“त्यात त्यांचा काय फायदा?”

“काही नाही. १९९६ साली फ्रान्समधल्या कॉलेजच्या पोरांनी सुरू केलं, २००१ पासून सगळ्यांना मोकळं. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही. फक्त व्हिडिओलॅनच्या मूळ साइटवरूनच उतरवा, नाहीतर भलतंच काहीतरी घरात शिरेल.”

चिन्ह बघितलं, तर रस्ता खोदल्यावर ठेवतात तो नारिंगी शंकू! म्हटलं, झालं, इथंही काम चालू, रस्ता बंद.

पण रस्ता चालू निघाला. पडद्यावर पंगत उमटली. अण्णा जिलबीचं ताट घेऊन कुणाला तरी आग्रह करत होते, “अरे घे, घे! लाजतोस कसला? पैसे पडतायत का तुला?”

हिने डोळ्यांना पदर लावला. मी सवयीनं दोरा शोधत होतो. कुठंच नव्हता.