नाताळच्या सुटीत वसईच्या वाड्यांमध्ये

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की शाळांना नाताळची सुटी लागते. भात घरात आलेले असते, गव्हा-हरभऱ्याला एखाद-दुसरे पाणी देऊन झालेले असते, आणि चार दिवस घर सोडायचे म्हटले तर शेजाऱ्यावर गुरे सोपवून निघता येते. खेड्यातली कितीतरी कुटुंबे या दिवसांत मुंबईकडे जातात ती आपल्या माणसांना भेटायला. कुणाचा मुलगा नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहतो, कुणाची लेक विरारला दिलेली असते, कुणाचा दीर वसईला कारखान्यात असतो. तुमचेही कुणी तिकडे असेल, तर यंदा एक करा. खोलीत बसून दोन दिवस टीव्ही बघून परतू नका. स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला चला. तिथे तुमच्यासारखीच शेतकरी माणसे नाताळ साजरा करताना दिसतील.

नाताळ म्हणजे साहेबाचा सण, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत असते. वसईत ती एका दिवसात जाते. इथल्या ख्रिस्ती शेतकऱ्याचे आडनाव लोपीस किंवा परेरा असेल, पण तो तुमच्याशी मराठीत बोलेल आणि घरात सामवेदी बोली बोलेल. ती बोली इथले सामवेदी ब्राह्मणही बोलतात. म्हाताऱ्या बायका अजून लाल लुगडे नेसलेल्या दिसतात. या समाजाला कुपारी म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असे मानतात. ‘नाताळ’ हा शब्दही तसाच, पोर्तुगीजांकडून आलेला. त्याचा अर्थ जन्म. पुढे तो असा मराठी झाला की शाळेच्या सुटीलाही आपण नाताळचीच सुटी म्हणतो.

हे पोर्तुगीज इथे आले कसे, तेही थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे किल्ला बघताना मुलांना सांगता येईल. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. दोनशे वर्षांवर त्यांचा अंमल चालला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने मोठ्या लढाईनंतर किल्ला घेतला. पुढे दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी. गंमत बघा, वसईच्या या दोन्ही मोठ्या तहांच्या तारखा नाताळच्या दिवसांतल्याच आहेत. राज्ये आली आणि गेली. शेतकरी मात्र आपल्या वाडीत राहिला, भाषाही त्याने सोडली नाही. चर्चमधली उपासना पूर्वी लॅटिनमध्ये होत असे. १९६२ ते १९६५ या काळात रोमला जी दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, तिच्यानंतर लोकभाषेतून उपासना सुरू झाली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. याच वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ साली ते वारले.

आता वाडीत चला. शेतकऱ्याचे लक्ष आधी पिकाकडे जाणार. इथे केळी आहे, नारळ आहे, पानवेल आहे, भाजी आणि फुले आहेत. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून ठेवतात. त्यांना सुकेळी म्हणतात. वसईची सुकेळी नावाजलेली आहेत आणि घरी न्यायला त्यांच्यासारखा खाऊ नाही. पहाटेच्या लोकलने इथली फुले आणि भाजी दादरपर्यंत जाते. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोडे पाणी कसे टिकले, हा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे उत्तर बावखलात आहे. बावखल म्हणजे वाडीतले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि खालचे खारे पाणी वर येऊ देत नाही. पूर्वी विहिरीवर रहाट असे आणि बैल तो फिरवी. आता पंप आले, पण बावखलाचे काम पंप करू शकत नाही.

नाताळची तयारी चार रविवार आधी सुरू होते. त्या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. काही घरांत परडीत किंवा डब्यात गहू नाहीतर नाचणी रुजत घालतात. आपण घटस्थापनेला घालतो, अगदी तसेच. ते हिरवे अंकुर गव्हाणीच्या देखाव्यात शेत म्हणून मांडायचे असतात. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा, हे तुम्हाला सांगायला नको. बाळ येशूला जन्मल्यावर गव्हाणीत निजवले होते, असे बायबलात आहे. म्हणून मुले नव्या भाताचा पेंढा आणून अंगणात किंवा ओटीवर गोठा उभारतात, त्यात गाय, गाढव, मेंढरे आणि मेंढपाळ मांडतात. ज्याच्या घरी खरा गोठा आहे त्याच्या मुलांना हा देखावा कोणी समजावून सांगावा लागत नाही. दारावर कागदी तारा टांगतात आणि त्यात दिवा लावतात.

स्वयंपाकघरात या दिवसांत उसंत नसते. करंजीसारख्या नेवऱ्या, पिठाच्या गोळ्या कंगव्यावर वळून तळलेले कुलकुल, रवा-नारळाचे गोड पदार्थ, केक असे डबे भरतात. सासू-सुना, जावा-नणंदा रात्री उशिरापर्यंत बसून कुलकुल वळतात. आपल्याकडे दिवाळीच्या करंज्यांना बायका जशा एकमेकींकडे जातात, तशाच इथेही शेजारणी येतात. आणि दिवाळीत ज्या हिंदू शेजाऱ्याकडून फराळाचे ताट आले असेल, त्याच्या घरी नाताळात ताट जाते. रिकामे ताट परत करायचे नाही, ही रीत त्यांच्याकडेही आहे.

चोवीस तारखेची रात्र मुख्य. घरातली लहानथोर माणसे नवे कपडे घालून चर्चला जातात. या उपासनेला मिस्सा म्हणतात. पूर्वी ती बरोबर मध्यरात्री असे. आता गावागणिक वेळ वेगळी असते, तेव्हा आधी विचारून ठेवा. तुम्ही गेलात तर कुणी अडवणार नाही. मागच्या बाकावर शांत बसावे, सगळे उभे राहिले की उभे राहावे, आणि फोन बंद ठेवावा. शेवटी शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतात. तो त्यांच्या धर्मात दीक्षा घेतलेल्यांसाठीच असतो, म्हणून आपण जागेवरच बसावे. त्यात कुणाला वाईट वाटण्यासारखे काही नाही. मिस्सा संपली की मात्र सगळे अंगणात येतात, ओळखीचा-अनोळखी न बघता हात हातात घेतात आणि नाताळच्या शुभेच्छा देतात. तिथे तुम्हीही पुढे व्हा.

पंचवीस तारखेला आणि त्यानंतरच्या आठवड्यात वाडीत माणसे मावत नाहीत. माहेरवाशिणी मुलाबाळांसह येतात. मुंबईत नोकरीला असलेले भाऊ येतात. आखातात किंवा परदेशात गेलेली मुले रजा जमवून याच वेळी येतात. अंगणात पंगत बसते. मैद्याचे आंबवलेले पीठ मुठीतून तेलात सोडून तळलेले फुगे आणि सोबत रस्सा, हे सणाचे जेवण. दुपारी म्हातारी माणसे ओटीवर लवंडतात, मुले चिकूच्या झाडावर असतात. एकतीसच्या रात्री सरत्या वर्षाचे आभार मानायला पुन्हा चर्च असते, आणि मुले पेंढ्याचा म्हातारा करून जाळतात. तो म्हातारा म्हणजे जुने वर्ष.

या दिवसांत पाहुण्यांना घेऊन फिरायला जायची इथली पद्धत आहे. तुम्हीही त्याच वाटेने जा. पहिला दिवस वसईच्या किल्ल्याचा ठेवा. वसई रोड स्टेशनपासून तो सात-आठ किलोमीटर आहे. आत पडक्या चर्चच्या उंच भिंती उभ्या आहेत. एका चर्चच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे चर्चही इथेच आहे. ते मूळचे वसईचे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारले, आणि १८६२ साली रोमने त्यांना संत म्हटले. भारतात जन्मलेले ते पहिले ख्रिस्ती संत.

किल्ला बघताना मुलांना घंटांची गोष्ट सांगा. १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांनी इथल्या चर्चच्या मोठ्या घंटा नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर तुम्ही जी घंटा पाहिली असेल, ती अशीच पोर्तुगीजांकडून आलेली. म्हणजे तुमच्यापैकी कितीजणांनी वसईची ओळख नकळत आधीच करून घेतली आहे!

दुसऱ्या दिवशी निर्मळ आणि अर्नाळा करा. निर्मळला तळी आहेत, शंकराचार्यांच्या समाधीचे देऊळ आहे आणि त्याच गावात होली क्रॉस चर्च आहे. कार्तिकातल्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसे लोटतात. अर्नाळ्याला समुद्रकिनारा आहे, आणि होडीने बेटावरच्या किल्ल्यात जाता येते. तो किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला. ओहोटी-भरती विचारूनच होडीत बसा आणि मुलांना पाण्यात एकटे सोडू नका. आणखी एक दिवस हाताशी असेल तर वज्रेश्वरीला जा. चिमाजी अप्पांच्या नवसाचे देऊळ तिथे आहे आणि जवळच गरम पाण्याची कुंडे आहेत.

आता जरा मनाला लागणारी गोष्ट. वाडीतून परतताना लोकलच्या खिडकीतून बाहेर बघा. ज्या इमारतीत तुमच्या मुलाची खोली आहे, तशा हजारो इमारती दिसतील. त्यांतल्या कितीतरी भातखाचरांवर उभ्या आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत बांधकामाचा लोंढा सुरू झाला, टँकरने गोडे पाणी उपसून विकले जाऊ लागले. तेव्हा फादर दिब्रिटो आणि गावोगावचे शेतकरी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. त्यामुळे पश्चिमेचा हा पट्टा बराचसा हिरवा राहिला. पण लढाई संपलेली नाही. बावखले बुजतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडाले, तेव्हा पाणी मुरायला आणि वाहायला जागा उरली नाही, हेच म्हातारे शेतकरी सांगत होते. तुमच्या मुलाला डोक्यावर छप्पर हवे होते, त्याचा काही दोष नाही. विकणाऱ्या शेतकऱ्यालाही अडचण होती. पण दोन्हीकडची माणसे आपलीच आहेत, म्हणून हे समजून घेतले पाहिजे.

नाताळात सगळी भावंडे एकत्र आली की पंगतीनंतर वाडीचा विषय निघतोच. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलाइतकाच वाटा मुलीला मिळतो. हिंदू घरांत वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला. हक्क रास्तच आहे. पण दहा वाटेकरी झाले की दोन एकरांचे काय करायचे? कुणी म्हणतो विकून टाकू. कुणी म्हणतो जो कसतो त्याच्याकडे राहू दे, आपण सणाला येत जाऊ. हा दुसरा विचार जिथे टिकला, तिथेच आज अंगणात पंगत बसते. वाडी विकली तर प्रत्येकाच्या हाती पैसे येतात, पण सगळ्यांनी मिळून जेवायला बसावे अशी जागा कुणाकडेच राहत नाही. बहिणीला हक्काचा वाटा देऊनही जमीन एकत्र कशी कसायची, हे घरातल्या सगळ्यांनी वडीलधारे हयात असतानाच बसून ठरवावे, कागदावर आणावे. नंतर कोर्टात वर्षे जातात आणि सणाला एकमेकांकडे जाणेही बंद होते.

ही गोष्ट वसईची असली तरी तुमच्या-आमच्या गावातही तीच आहे. तेव्हा या सुटीत लेकाला, लेकीला भेटायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमच्या शेतातली बाजरी, गूळ, शेंगा जे असेल ते न्या, आणि वाडीतल्या ओळखीच्या घरीही त्यातले थोडे द्या. येताना सुकेळीची एक जुडी आणा. परत आलात की आपल्या विहिरीजवळचे तळे किंवा नाला बुजत चालला असेल तर उन्हाळ्यात तो उकरायला घ्या. आणि पुढच्या दिवाळीला शहरातल्या सगळ्या भावंडांना आतापासूनच निरोप धाडा, की यंदा सण गावच्या अंगणातच करायचा आहे.