सुचतं कुठून?



महावीर जयंती जवळ आली की आमच्या महिला मंडळात पाळण्याची चर्चा सुरू होते आणि कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, तुम्हाला सुचतं कुठून हो?" विचारणाऱ्या बऱ्याच जणींना वाटतं, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मावळतीकडे बघत बसलं की सुचत असेल. लग्न होऊन विरारला आले त्याला आता अडतीस वर्षं झाली. पाहुणे आले की अर्नाळ्याला जाणं होतं. तिथे मला आजवर एक ओळ सुचलेली नाही. नातवंडांच्या चपला शोधण्यातच वेळ जातो.

मला सुचतं ते ओट्यापाशी, नाहीतर भाजी निवडताना. यात नवल काहीच नाही. बहिणाबाई चौधरी आठवा. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मल्या. शाळा नाही, अक्षरओळख नाही. ऐन तिशीत वैधव्य आलं, पदरी मुलं आणि शेतीचा रगाडा. कवितेसाठी वेगळा वेळ काढायची सोय त्यांना कुठली? जातं ओढताना, शेतात राबताना, चुलीपुढे बसल्या बसल्या त्या आपल्या घरच्या बोलीत गाणी रचत गेल्या. त्यात देव आहे, मरण आहे, माणसाच्या मनाचं वेडेपण आहे, पण ते सगळं चूल, मोट आणि पाखराचं घरटं यांच्यातून आलेलं आहे. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

मी बी.कॉम. शिकलेली. हिशेबात आम्हाला आधी रोजकीर्द शिकवत, मग खतावणी. दिवसभरात जे घडलं ते घडल्या क्रमाने रोजकीर्दीत मांडायचं. कुठलं कुठल्या खात्यात जातं ते नंतर खतावणीत बघायचं. कवितेचंही मी तसंच करते. घरखर्चाच्या वहीची मागची पानं ही माझी रोजकीर्द. "दूध उतू गेलं, सून हसली" एवढंच लिहून ठेवते. त्याची कविता होणार का, ते महिन्याने बघायचं. बहुतेक नोंदी तशाच पडून राहतात. राहू देत.

एक नोंद मात्र कामाची निघाली. आमच्या ह्यांची नोकरी चर्चगेटला होती. रात्री जेवायचं नाही हा घरचा नेम, आणि डिसेंबरात सहालाच सूर्य मावळतो. त्या वेळी हे अजून ऑफिसातून बाहेरही पडलेले नसत. म्हणून मी रोज दोन डबे देत असे, दुसरा साडेपाचला टेबलावरच उघडायचा. वहीत नुसतं "दुसरा डबा" असं लिहिलं होतं. त्यावर कविता करायला बसले तेव्हा सुरुवातीला चार ओळी संसार, प्रवास आणि सुखदुःख यांवर आल्या. त्या खोडल्या. उरलं ते एवढं:

दोन डबे भरते रोज,
एक भुकेसाठी, एक सूर्यासाठी.

ह्यांनी वाचलं आणि विचारलं, "दुसऱ्यात बहुतेक थालीपीठ असायचं, ते कुठे लिहिलंस?" त्यांचं बरोबर होतं. पुढच्या कडव्यात थालीपीठ आलं.

छंदाची भीती वाटते असंही काही जणी म्हणतात. अहो, तुम्ही रोज सकाळी भक्तामर म्हणता ना? ते वसंततिलका वृत्तात आहे, प्रत्येक चरणात चौदा अक्षरं. अठ्ठेचाळीस श्लोक रोज म्हणणाऱ्या बाईच्या कानात वृत्त मुरलेलं असतं, गण पाठ करायची गरज नाही. लिहिलेली ओळ मोठ्याने म्हणून बघा. कुठे अडखळते ते जिभेलाच कळतं. सिनेमाच्या चालीवर पाळणा बसवायला मात्र माझा विरोध आहे. शब्द त्रिशलामातेचे आणि डोळ्यापुढे नटी, असं होतं.

हल्ली मोबाइलला सांगितलं की तोही पाळणा लिहून देतो. मागच्या वर्षी एक आला होता. यमकं चोख, सोन्याचा पाळणा, रेशमी दोरी, सगळं जागच्या जागी. टाळ्या पडल्या आणि आम्ही विसरून गेलो. त्याच कार्यक्रमात आमच्यातल्या एका आजींनी आपला पाळणा म्हटला. मेरू पर्वतावर इंद्राने एक हजार आठ कलशांनी बाळाचा अभिषेक केला, हे त्यात होतंच. पण पुढच्या कडव्यात घरी त्रिशलामाता बाळाला न्हाऊ घालण्याआधी पाण्यात कोपर बुडवून बघते. सभागृहात एकदम शांतता झाली. आम्ही सगळ्यांनीच तसं कोपर बुडवलेलं आहे. दोघी-तिघींनी नंतर हरकत घेतली की पुराणात असं कुठे आहे? पुराणात नाही हे खरं. पण तीर्थंकरांच्या चरित्रातलं काहीही त्या आजींनी बदललेलं नाही, आईचा हात तेवढा दाखवला. माझं मत त्यांच्या बाजूने आहे.

त्या आजींचा पाळणा कागदावर नव्हता, तोंडपाठ होता. मी तो तिथेच उतरवून घेतला. बहिणाबाईंची गाणीसुद्धा त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्यांनी लिहून ठेवली म्हणून राहिली. ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तकरूपाने आली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ लाच गेल्या होत्या. पुस्तक त्यांच्या हाती पडलं नाही. आणि लिहून ठेवणारं माणूस ज्यांच्या घरात नव्हतं, अशा किती बायकांच्या ओव्या जात्याबरोबरच गेल्या असतील.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, सांगलीकडच्या. दीड वर्षापासून त्यांना विसर पडू लागला आहे. कधी मला नणंदेच्या नावाने हाक मारतात, कधी जेवण झालंय हेच आठवत नाही. "आई, एखादी ओवी म्हणा ना," असं म्हटलं की गोंधळून बघत बसतात. पण सुपात तांदूळ घालून पुढे ठेवले आणि बोटं खडे शोधू लागली, की पाच-दहा मिनिटांत गुणगुणणं सुरू होतं. तांदूळ स्वच्छ असले तरी मी ते पुन्हा निवडायला देते. पलीकडे वही घेऊन बसते. मध्ये काही विचारायचं नाही, विचारलं की धागा तुटतो.

आतापर्यंत एकवीस ओव्या मिळाल्या. बऱ्याचशा त्यांच्या आईच्या, काही शेजारणींच्या. दोन त्यांच्या स्वतःच्या आहेत असं त्या काल म्हणाल्या. त्यातली एक विरारला आल्यावर रचलेली असावी, कारण तिच्यात रेल्वेची शिट्टी आहे. तिचा शेवटचा चरण अजून हाती आलेला नाही. उद्या तुरीची डाळ निवडायला देणार आहे.